ब्रॅम्ली सफरचंद

ब्रॅम्ली : शिजवून खाण्याच्या सफरचंदाची इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध जात. पूर्ण नाव ‘ब्रॅम्लीज सीडलिंग’. मूळ गाव नॉटिंगहॅमशर परगण्यातील साउथवेल. फळ मोठे, चपटे, काहीसे बेढब. साल हिरवी, ऊन लागलेल्या बाजूला तांबूस. कच्चे चावले तर दात आंबतात. लोणच्याची कैरी वेगळी आणि रसाचा आंबा वेगळा, तसा हा प्रकार. ब्रॅम्लीत मॅलिक आम्ल भरपूर असते. फोडी आचेवर ठेवल्या की थोड्याच वेळात विरघळून त्यांचा हलका, फुललेला लगदा होतो आणि साखर घातली तरी आंबटपणा मागे उरतोच. ‘पाय’ (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), क्रम्बल (फळावर पीठ-लोण्याचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ) आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबरचा सॉस यांसाठी तिथल्या घरांत हेच सफरचंद लागते.

मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने 1809 मध्ये साउथवेलच्या चर्च स्ट्रीटवरील घरी बिया लावल्या. त्यांतल्या एकीचे हे झाड. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. पुढे 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा रोपवाटिकावाला कलमांसाठी काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लीने एकच अट घातली : फळाला नाव माझे हवे. लावणारी राहिली बाजूला, नाव लागले घरमालकाचे. मेरीवेदरच्या वहीतील पहिली विक्री 31 ऑक्टोबर 1862 ची आहे : तीन सफरचंदे, दोन शिलिंग.

या जातीत गुणसूत्रे नेहमीच्या 34 ऐवजी 51 असतात. त्यामुळे तिचा पराग जवळजवळ निरुपयोगी. बागेत ब्रॅम्लीसाठी एक परागदाते झाड लावावे लागते आणि त्या झाडालाही फळ हवे असेल तर आणखी एक. बी पेरून ब्रॅम्ली मिळत नाही, कलमच करावे लागते. म्हणजे जगातले प्रत्येक ब्रॅम्ली हे चर्च स्ट्रीटवरच्या त्या एका झाडाचाच तुकडा.

उत्तर आयर्लंडमधील आर्मा परगण्यात ही जात 1884 मध्ये पोहोचली आणि तिथे अशी रुजली की 2012 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन ‘आर्मा ब्रॅम्ली’ या नावाने मिळाले. साउथवेलमध्ये मात्र दर ऑक्टोबरात ब्रॅम्ली महोत्सव भरतो.

मूळ झाड 1900 च्या सुमारास वादळात आडवे झाले, पण पडलेल्या खोडालाच नवी फूट आली आणि ते पुन्हा फळू लागले. पुढे मात्र त्याला मुळे व खोड कुजवणाऱ्या बुरशीने गाठले. नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ऊतीसंवर्धनाने, म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून, त्याची रोपे तयार केली. ती कलमी नाहीत, स्वतःच्याच मुळांवर उभी आहेत.