पंचवीस गुणाकारांचे बारा कसे झाले

व्हिडिओतलं निळं आकाश निरखून पाहिलं, की कधीकधी त्यात चौकोन दिसू लागतात. सलग रंगछटा फरशीसारखी तुकड्यातुकड्यांत फुटते, एखाद्या कडेलगत बारीक लहरी उठतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो. व्हिडिओची फाइल लहान करताना चित्राचे ठोकळे पाडतात आणि त्यांतले आकडे ठरावीक पायऱ्यांवर आणून बसवतात. त्यात जी अचूकता गळून जाते, तिच्या या खुणा.

त्या पुसायला फिल्टर लागतात. ठोकळ्यांच्या सीमा मऊ करणारा फिल्टर २००३च्या एच.२६४ या व्हिडिओ लहान करण्याच्या मानकात होता. २०१३च्या एच.२६५ मध्ये त्याला एक जोडीदार मिळाला. त्याच मानकाच्या तयारीत या दोघांपेक्षा गुणी असा तिसरा फिल्टर पुढे आला होता. त्याचा उपयोग स्पष्ट दिसत होता, पण आकडेमोड आणि मेमरी यांचा भार जड होता, आणि अंतिम मानकात त्याला जागा मिळाली नाही. जुलै २०२० मध्ये एच.२६६, म्हणजे व्हीव्हीसी, आलं तेव्हा तो सडपातळ होऊन परतला. त्याचं नाव ॲडाप्टिव्ह लूप फिल्टर.

‘ॲडाप्टिव्ह’ म्हणजे चित्र पाहून स्वतःला बदलणारा. व्हिडिओ लहान करणाऱ्या एन्कोडरपाशी मूळ चित्रही असतं आणि बिघडलेलंही. शेजारच्या पिक्सेलना किती वजन दिलं तर बिघडलेलं चित्र मूळच्या सर्वांत जवळ जाईल, हे तो गणिताने काढतो. ही कल्पना गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी गोंगाटातून संदेश वेगळा काढण्याचं हे गणित रचलं आणि १९४९ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालं. एन्कोडर ही वजनं व्हिडिओसोबतच पाठवतो.

‘लूप’ या शब्दात खरी अडचण आहे. फिल्टर झालेली फ्रेम नुसती पडद्यावर जात नाही, तिच्या आधाराने पुढच्या फ्रेम रचल्या जातात. त्यामुळे बॅटरी वाचवायला एखाद्या फोनने हा फिल्टर गाळला, तर पहिल्या फ्रेममधली चूक दुसरीत उतरेल, दुसरीतली तिसरीत, आणि चित्र वाहवत जाईल. व्हिडिओ पुन्हा उलगडणाऱ्या प्रत्येक डीकोडरला शेवटच्या बिटापर्यंत तेच उत्तर काढावं लागतं. म्हणूनच इथली काटकसर नंतर कुणा हुशार प्रोग्रामरवर सोडून चालत नाही, ती मानकातच करावी लागते.

आता हिशेब पाहू. व्हिडिओत उजळपणा आणि रंग वेगवेगळे साठवतात. उजळपणासाठीचा हा फिल्टर ७ बाय ७ च्या चौकटीत बसणाऱ्या हिऱ्याच्या आकाराचा आहे, त्यात २५ जागा, आणि प्रत्येक जागेचा पिक्सेल तिच्या वजनाने गुणायचा. ३८४० बाय २१६० च्या फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सुमारे ५० कोटी पिक्सेल. प्रत्येकाला २५ गुणाकार धरले तर सेकंदाला १,२४४ कोटी.

पहिली काटकसर समतोलाची. मध्याच्या समोरासमोरच्या दोन जागांना एकच वजन द्यायचं. मग दोन्ही पिक्सेल आधी मिळवायचे आणि एकदाच गुणायचे. २४ जागांच्या १२ जोड्या झाल्या, उरला मधला पिक्सेल. तिथली युक्ती मला फार आवडते. शेजाऱ्याची किंमत घेण्याऐवजी मधल्या पिक्सेलपासूनचा त्याचा फरक घ्यायचा, आणि वजन लावलेले सगळे फरक शेवटी मधल्या पिक्सेलमध्ये मिळवायचे. मधल्याचा स्वतःशी फरक शून्य, म्हणून त्याचा गुणाकारच उरत नाही. २५ चे १२ झाले, १,२४४ कोटींचे सुमारे ५९७ कोटी. शिवाय फरक हाताशी असल्याने तो फार मोठा असेल तर कापता येतो. कडेपलीकडचा वेगळाच पिक्सेल मग चित्राला आपल्याकडे ओढत नाही.

गुळगुळीत आकाश आणि तिरपी रेघ यांना एकच फिल्टर चालत नाही. म्हणून उजळपणाचं चित्र ४ बाय ४ च्या ठोकळ्यांत तपासून प्रत्येक ठोकळा २५ वर्गांपैकी एकात टाकतात. उजळपणा कोणत्या दिशेने आणि किती बदलतो, यावर वर्ग ठरतो. आधीच्या प्रायोगिक आवृत्तीत हे काम २ बाय २ च्या ठोकळ्यांसाठी होत असे. ठोकळा मोठा केल्यावर निर्णय चौथाईवर आले. शिवाय दिशा मोजताना आजूबाजूच्या ८ बाय ८ भागातले सगळे पिक्सेल न घेता बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक घेतात.

गुणाकारांपेक्षाही चिप बनवणाऱ्याला मेमरी महाग पडते. चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उलगडतं, पण ७ ओळी उंच फिल्टरला खालच्या ३ ओळीही हव्या असतात आणि त्या पुढच्या पट्ट्यात असतात. तोवर वरच्या ओळी चिपवर साठवून ठेवायच्या, एकेका ओळीत ३८४० पिक्सेल. व्हीव्हीसीने पट्ट्याच्या तळापासून ४ ओळी वर एक काल्पनिक सीमा आखली. तिच्यापलीकडचा पिक्सेल लागला तर अलीकडचाच पुन्हा वापरायचा. दर्जा किंचित घटतो, ओळींची साठवण वाचते.

एन्कोडरचं ओझं वेगळं आहे. प्रत्येक फिल्टरची वजनं पाठवायला बिट खर्च होतात, त्यामुळे २५ वर्गांपैकी कोणते एकत्र करावेत हे त्याला ठरवावं लागतं. दर वेळी अख्खी फ्रेम फिल्टर करून पाहिली तर वेळ पुरणार नाही. त्याऐवजी पिक्सेलांचे परस्परसंबंध वर्गवार एकदाच कोष्टकांत मांडतात. दोन वर्ग जोडायचे म्हणजे दोन कोष्टकांची बेरीज करायची. चूक किती उरेल हेही कोष्टकावरून निघतं, पिक्सेलना पुन्हा हात लावावा लागत नाही.

रंगाचे तपशील उजळपणाच्या मदतीने सुधारणारा एक छोटा जोडफिल्टरही व्हीव्हीसीत आहे. त्याची वजनं फक्त शून्य किंवा २ चे घात, म्हणजे १, २, ४, ८ अशी, ऋण किंवा धन. दुहेरी अंकपद्धतीत अशा संख्येने गुणायचं म्हणजे आकडे डावीकडे सरकवायचे. त्या फिल्टरला गुणाकार लागतच नाही.