फळी फोडणे (ब्रेकिंग)

हाताच्या किंवा पायाच्या एका फटक्यात लाकडी फळीचे दोन तुकडे करणे, ही कराटे, तायक्वांदो आणि त्यांच्या जवळच्या युद्धकलांमधली कसोटी आहे. जपानी कराटेत तिला तामेशिवारी म्हणतात. तामेशी म्हणजे पारख आणि वारी म्हणजे फोडणे. कोरियन तायक्वांदोतला शब्द क्योकपा. मराठवाड्यातल्या क्लासांत सरसकट ‘ब्रेकिंग’च चालते. बेल्टच्या परीक्षेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, तसेच १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतरच्या प्रात्यक्षिकांत ती पाहायला मिळते. पाहणाऱ्याला ताकद दिसते. प्रत्यक्षात फळीची निवड, धरणाऱ्यांचा पक्केपणा आणि फटक्याचा वेग या तिन्हींवर तिचा निकाल ठरतो. यातले पहिले दोन मारणाऱ्याच्या हातात नसतात, म्हणून जबाबदारी शिकवणाऱ्यावर जास्त येते.

फळी

मोठ्यांसाठीची नेहमीची फळी १२ इंच रुंद, १० इंच लांब आणि पाऊण इंच, म्हणजे सुताराच्या मापात सहा सूत जाड असते. लाकडाचे रेषे १० इंचांच्या बाजूने धावले पाहिजेत. वखारीत हे फळीवर बोट ठेवून दाखवावे लागते. नुसते ‘बारा बाय दहा’ सांगितले, तर कापणारा त्याच्या सोयीने कापतो आणि रेषे १२ इंचांच्या बाजूने जातात. अशी फळी दिसायला तीच, पण फोडायला जवळजवळ दीडपट जड.

याचे गणित सोपे आहे. फळी रेषांच्या दिशेने जितकी लांब, तितका जोर जास्त लागतो. दोन आधारांतले अंतर जितके मोठे, तितका कमी लागतो. जाडीचा परिणाम मात्र वर्गाने होतो : सहा सुतांऐवजी आठ सूत, म्हणजे पूर्ण इंचाची फळी घेतली, की जोर पावणेदोन पट होतो. चार सुतांची घेतली तर निम्म्याहूनही कमी पुरतो. म्हणून नवशिक्यासाठी फळी हलकी करायची असेल तर जाडी कमी करावी, किंवा रेषांच्या बाजूची लांबी १० वरून ५ इंचांवर आणावी. १२ इंचांची बाजू कापू नये. आधारांतले अंतर घटते आणि लहान दिसणारी फळी उलट जड जाते.

लाकूड पाइनचे घ्यावे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या पॅकिंगसाठी ते येते आणि पुढे वखारींत विकायला जाते. अशा खोक्यांच्या फळ्यांवर छाप असतो : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ते चालते, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घेऊ नये. खिळ्याचे भोक असलेला भाग टाकून द्यावा. या फळ्या बहुधा चार ते सहा इंचच रुंद असतात, म्हणून सुतार दोन-तीन पट्ट्या फेविकॉलने जोडून देतो. नीट बसलेला सांधा लाकडाहून पक्का निघतो, कच्चा सांधा टिचकीने सुटतो. परीक्षेला दोन्ही नकोत. अखंड फळीच मागावी.

सागवान आणि बाभूळ यांच्या नादी लागू नये. कडुलिंबाच्या लाकडात रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, ते सरळ चिरत नाही. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे फुटण्याची दिशाच उरत नाही. प्लायवर मारून हात मोडून घेणे अगदी सोपे आहे. मधोमध गाठ असलेली किंवा रेषे तिरपे गेलेली फळी बाजूला काढावी.

मराठवाड्याचे हवामान इथे फार फरक करते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमधली फळी खडखडीत वाळते. तीच फळी श्रावणात दमट होते. फटका बसला की वाकते, कुरकुरते आणि हात परत फेकते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावी : कोरडी टणटण वाजते, दमट भद्द. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. वर दिलेल्या मापाची कोरडी पाइन फळी साधारण ६५० ते ७५० ग्रॅम भरते. एकाच परीक्षेतल्या फळ्या वजनाने जवळपास असाव्यात, नाहीतर एकाला सोपी आणि दुसऱ्याला अवघड असा अन्याय होतो. प्रात्यक्षिकाआधी फळ्या उन्हात पत्र्यावर भाजून काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. टाळ्या मिळतात, पण ती कसोटी राहत नाही.

धरणे

फळी न फुटण्याचे सर्वांत मोठे कारण धरणारे. दोघांनी समोरासमोर उभे राहून रेषांना समांतर असलेल्या दोन कडा धराव्यात. तळव्याची टाच फळीच्या मागे, बोटांची टोके पुढच्या कडेवर जेमतेम अर्धा इंच, कोपर सरळ आणि घट्ट, एक पाय पुढे, तोंड बाजूला वळवलेले. फटक्याच्या क्षणी कोपर दोन इंच जरी मागे गेले, तरी फळीवरचा जोर त्या हालचालीत विरतो. फळी ९० अंशांनी फिरवून धरली गेली तर ताण रेषांच्या लांबीवर येतो, आणि त्या दिशेने लाकूड कित्येक पट बळकट असते. म्हणून कडेला पेन्सिलने बाणाची खूण करून ठेवावी.

वरून खाली मारायचे असेल तर फळी दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर कडेकडेने टेकवतात. एकावर एक फळ्या ठेवताना मध्ये पट्ट्या घातल्या, की प्रत्येक फळी वेगवेगळी फुटते. पट्ट्यांशिवाय त्या एकत्र विरोध करतात. या दोन प्रकारांची तुलना करू नये.

मारणे

१९७९ मध्ये मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क यांनी कराटेच्या फटक्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट होते आणि पुढे अंतराळवीर झाले. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत त्यांचा मृत्यू झाला. वरून खाली येणाऱ्या हाताचा वेग सेकंदाला १० ते १४ मीटरपर्यंत जातो, असे त्यांना आढळले. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. हाताचा वेग तो पूर्ण ताणला जाण्याआधीच शिखरावर असतो आणि शेवटी झपाट्याने उतरतो. त्यामुळे फळी लक्ष्य समजून मारणाऱ्याचा हात तिच्यापाशी पोचेपर्यंत मंदावलेला असतो. लक्ष्य फळीच्या तीन-चार इंच मागे ठेवावे. आधी सावकाश हात नेऊन अंतर मोजावे. फळीला टेकताना कोपरात थोडा वाक शिल्लक हवा. फटका मधोमध, रेषांना समांतर, श्वास सोडत बसावा.

सुरुवात तळव्याच्या टाचेने, मुठीच्या करंगळीकडच्या मांसल बाजूने (तेत्सुई) किंवा पायाच्या टाचेने करावी. समोरचा ठोसा (सेइकेन) नंतर. त्यात फक्त तर्जनी आणि मधल्या बोटाचे सांधे टेकले पाहिजेत, मनगट सरळ. शुतो, म्हणजे हाताच्या धारेने मारताना, करंगळीचे हाड नव्हे तर तिच्या खालचा मांसल भाग लागावा.

सर्वांत जास्त नुकसान कचरण्याने होते. शेवटच्या क्षणी हात आखडला तर फळी तशीच राहते आणि सगळा धक्का हातात परततो. फुटलेली फळी कमी दुखवते, न फुटलेली जास्त. दोनदा फुटली नाही की थांबावे. तिसरा फटका हट्टाचा असतो आणि इजा बहुधा त्यातच होते.

सराव

निदान सहा महिने पॅडवर फटका बसल्याशिवाय फळीला हात लावू नये. पुढचा टप्पा पुन्हा जोडता येणाऱ्या प्लास्टिकच्या फळीचा. तिच्या मधल्या खाचा झिजल्या की ती हलकी होते, हे लक्षात ठेवावे. ओकिनावातला माकिवारा, म्हणजे जमिनीत रोवलेली लवचीक फळी, इथे अंबाडीच्या दोराने किंवा सुतळीने गुंडाळून करता येतो. दिवसाला प्रत्येक हाताने २० ते ३० हलके ठोसे पुरेत. हाड आणि कातडी हळूहळू तयार होतात; घाईने सूज, जखम आणि बारीक तडे येतात.

इजा आणि मर्यादा

करंगळी-अनामिकेच्या सांध्यावर ठोसा बसला तर तळहाताचे हाड मानेपाशी, म्हणजे सांध्याच्या जरा खाली, मोडते. सांध्याचा उंचवटा खाली बसतो आणि मूठ मिटताना बोट शेजारच्यावर चढते. ‘मुका मार आहे’ म्हणून चोळू नये, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नये. कापडात बर्फ गुंडाळून १५ मिनिटे लावावा आणि एक्स-रे काढावा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असतो, म्हणून शाळकरी मुलांकडून मुठीच्या सांध्यांनी फळी फोडून घेऊ नये. पायाच्या टाचेने, चार सुतांची फळी पुरते.

कवेलू, शहाबादी फरशी आणि ट्यूबलाइट प्रात्यक्षिकांत सर्रास दिसतात. कवेलू ठिसूळ असल्याने ढीग मोठा दिसतो, कस छोटा लागतो. फरशीची जाडी एकसारखी नसते आणि तिचे तुकडे धारदार उडतात. ट्यूबलाइट तर पूर्ण बंद व्हायला हवी : काच डोळ्यात जाते आणि आतला पारा हवेत मिसळतो.

क्योकुशिन या कराटे शैलीच्या काही स्पर्धांमध्ये बरोबरी झाल्यास फोडलेल्या फळ्यांची संख्याही निर्णयासाठी धरतात. ऑलिम्पिकच्या कराटे-तायक्वांदोत ब्रेकिंग नव्हते.

फळी फुटली की पुढच्याला बोलावण्याआधी मॅट झाडून घ्यावी. सगळे अनवाणी असतात, आणि पाइनची नखाएवढी ढलपी टाचेत शिरली की पुढचा आठवडा त्या पायाने किक बसत नाही.