बधिरांध मुलासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र): अर्ज करताना दोन्ही रकाने भरा

मुलाला ऐकू येत नाही म्हणून आधी कान तपासले, ‘कर्णबधिर’ असा दाखला निघाला. नजरही अधू आहे हे पुढे कळलं, पण दाखला तोच राहिला. असं झालं असेल तर नव्यानं तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार बधिरांधता, म्हणजे कान आणि डोळे दोन्ही अधू असणं, बहुविकलांगतेत मोडते. त्यासाठी मूल पूर्ण अंध किंवा ठार बहिरं असावं लागत नाही.

टक्केवारीची गंमत बघा. सरकारी मार्गदर्शक सूचनांत दोन विकलांगतांची सरळ बेरीज नाही, सूत्र आहे. डोळ्यांचे 30 आणि कानांचे 30 टक्के असतील तर एकत्रित 50 होतात. म्हणजे सुटे दाखले 40 च्या आत आणि एकत्र धरले की पुढे! सवलती बहुधा या 40 वरच अडतात.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) करायचा. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने तपासणी अहवाल जवळ ठेवा. विकलांगतेचा प्रकार निवडताना दृष्टी आणि श्रवण दोन्ही नोंदवा, मग रुग्णालय निवडा.

तपासणीच्या दिवशी खरी कसोटी असते. ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही अशा मुलाच्या डोक्यावर अचानक हेडफोन चढवला तर ते बिथरणारच. आधी तो त्याच्या हातात द्या, चाचपू द्या. त्याच्या खुणा जाणणारं माणूस शेजारी बसवा आणि आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा. वरून धरून ओढू नका. रोज जेवणाची खूण म्हणून आधी वाटी हाती देत असाल तर ती वाटीही सोबत न्या. मूल प्रतिसाद देत नसेल तर बेरा चाचणीबद्दल (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्रानं मोजणारी चाचणी) विचारा, तिला मुलाच्या उत्तराची गरज नसते.

40 ते 79 टक्क्यांना पिवळं कार्ड, 80 पासून पुढे निळं, 40 च्या आत पांढरं.

कार्ड घेऊन शाळेत जाल तेव्हा कायद्याचं कलम 16 सांगा: अंध, बधिर किंवा दोन्ही असलेल्या मुलाला त्याला योग्य अशा भाषेत आणि संवादपद्धतीनं शिकवलं गेलं पाहिजे. ब्रेल, तळहातावर लिहिलेली अक्षरं, हातात हात घेऊन केलेल्या खुणा, यातलं मुलाला काय जमतं ते कागदावर लिहूनच द्या. मुंबईतली हेलन केलर इन्स्टिट्यूट 1977 पासून याच कामात आहे; शिक्षकांना काही अडलं तर तिथे विचारता येईल.