कराची, ४ डिसेंबर १९७१ : हल्ल्यामागची तयारी

४ डिसेंबर १९७१च्या रात्री भारतीय नौदलाच्या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ‘ऑपरेशन ट्रायडंट’ या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम समजून घ्यायची, तर सहा वर्षे मागे जाऊन द्वारकेपासून सुरुवात करावी लागते. १९६५च्या युद्धात ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफांचा मारा केला. नुकसान फारसे झाले नाही. पण पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला आक्रमक कारवाई करू नये, असे सरकारचेच आदेश असल्याने नौदलाला हातावर हात ठेवून बसावे लागले, आणि लोकांच्या लेखी तो ठपका मात्र नौदलावर आला. त्याची बोच अधिकाऱ्यांच्या मनातून गेली नाही.

१९७०मध्ये नौदलप्रमुख झालेले अ‍ॅडमिरल एस. एम. नंदा हे लहानपणी कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा येथे वाढले होते, त्यामुळे हे बंदर त्यांना नकाशावरून शिकावे लागले नव्हते. पश्चिम पाकिस्तानचा बहुतेक सगळा सागरी व्यापार, नौदलाचा तळ आणि बंदराच्या किमाडी भागातले तेलसाठे हे सर्व एकाच ठिकाणी एकवटलेले होते. युद्ध झाल्यास कराचीवर हल्ला करण्यास सरकारची राजकीय हरकत असेल काय, हे नंदा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना आधीच विचारून घेतले. युद्ध म्हटले की युद्धच, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. १९६५चा धडा इथे कामी आला, असे म्हणायला हरकत नाही.

परवानगी मिळाली, तरी साधन हवे होते. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ‘ओसा’ वर्गाच्या आठ नौकांवर प्रत्येकी चार क्षेपणास्त्रे होती आणि त्यांचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर होता; परंतु या नौका मुळात किनारा व बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या. वेग भरपूर, पण मुंबईहून कराची गाठून, लढून परत येण्याइतके इंधन त्यांच्या टाक्यांत मावत नसे. वाट सापडली ती एका अडचणीतून. जहाजावरून आलेल्या या अवजड नौका उतरवण्याजोगी क्रेन मुंबईत नसल्याने त्या कोलकात्याला उतरवून, द्वीपकल्पाला वळसा घालत, दोरखंडाने ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. ज्या नौका एवढ्या दूरवर ओढून आणता येतात, त्या कराचीच्या दिशेनेही ओढून नेता येतील, हा विचार पुढे आला आणि त्याचा सराव सुरू झाला.

पश्चिम नौदल कमानचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एस. एन. कोहली यांच्या देखरेखीखाली आखलेल्या योजनेत ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौकांबरोबर ‘किल्तान’ व ‘कच्छल’ ही मोठी जहाजे ठेवली गेली, कारण त्यांचे रडार अधिक लांबचे टिपत असे. क्षेपणास्त्र नौकांच्या तुकडीचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांच्याकडे होते. दिवसभर पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहायचे, अंधार पडला की वेगाने उत्तरेकडे धाव घ्यायची आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा दूर निघून यायचे, असा बेत होता. सूर्यास्तानंतर व्यापारी जहाजांनी कराचीच्या ७५ मैलांच्या आत येऊ नये, असे पाकिस्ताननेच जाहीर केले होते. साहजिकच त्या पट्ट्यात रडारवर उमटणारा ठिपका युद्धनौकेचा असण्याची शक्यता वाढली. पाकिस्तानने स्वतःच्या बचावासाठी घातलेले हे बंधन हल्लेखोरांच्याच पथ्यावर पडले.

‘निर्घात’ने सोडलेले पहिले क्षेपणास्त्र ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेवरील खलाशांना दिसले ते अंधारातून वेगाने जवळ येणाऱ्या प्रखर उजेडाच्या रूपात. त्यांनी विमानविरोधी तोफा त्या उजेडावर रोखल्या, आणि जहाजावरून गेलेल्या संदेशातही शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचेच म्हटले होते.