गॉना आणि गॉटा

गॉना आणि गॉटा ही बोलचालीच्या इंग्रजीतली दोन आखडलेली रूपे. 'गोइंग टू' भरभर म्हटले की गॉना होते, 'हॅव गॉट टू'चे गॉटा. पहिल्यात बेत किंवा अंदाज असतो, दुसऱ्यात गरज किंवा सक्ती. सातारा-सांगलीकडच्या बोलीत सांगायचे तर एक 'जाणार हाय', दुसरे 'जायाला पायजे'.

गोची होते ती 'जायचंय'मुळे. 'मला उद्या कराडला जायचंय' यात हौस आहे की कोर्टाची तारीख, हे मराठीत संदर्भावरून कळते. इंग्रजीत ते आधीच ठरवावे लागते: हौस असेल तर वॉना ('वॉन्ट टू'चे आखडलेले रूप), भाग असेल तर गॉटा, नुसते ठरले असेल तर गॉना. साहेबांकडे रजा मागताना 'आय अ‍ॅम गॉना गो' म्हटले तर नाइलाज पोहोचतच नाही. उलट परस्पर ठरवून टाकल्यासारखे वाटते.

गॉनापुढे क्रियापद हवे. 'आय अ‍ॅम गॉना मिरज' चूक. गावाआधीचा 'टू' दिशेचा असतो, तो असा विरघळत नाही. तिथे 'गोइंग टू मिरज' हेच खरे. गॉनाआधी अ‍ॅम, इज किंवा आर लागते. मराठीत नुसत्या 'मी येणार'वर भागते, म्हणून आपल्याकडून 'आय गॉना कम' निसटते. गॉटाआधीचे हॅव मात्र बोलताना सर्रास गळते: 'आय गॉटा गो' चालते, 'आय अ‍ॅम गॉटा गो' कधीच नाही. गॉटापुढे नाम आले, तर ते बहुधा 'गॉट अ' असते. 'आय गॉटा बाइक' यात सक्ती कसलीच नाही, बाइक आहे एवढेच.

'वॉज गॉना' म्हणजे करणार होतो, आणि बहुतेकदा राहून गेले. गॉटाला भूतकाळच नाही. 'जावं लागलं' यासाठी 'हॅड टू गो'. नकारात 'डोंट हॅव टू' म्हणावे. त्याचा अर्थ गरज नाही असा, मनाई असा नव्हे.

अमेरिकी उच्चारात गॉटातला ट इतका मऊ होतो की 'गाडा' ऐकू येते, आणि गॉनाचे 'गना' होते. आधीच्या शब्दावरून ओळखावे म्हटले तर 'हीज' दोन्हींआधी येते. एकात ते 'ही इज', दुसऱ्यात 'ही हॅज'. तिथे मधल्या न आणि ड वरच कान ठेवावा लागतो. परीक्षेच्या उत्तरात आणि अर्जात मात्र दोन्ही रूपे पूर्ण लिहावीत.