रोधक जंतू आणि चिवट जंतू: औषधातून वाचण्याच्या दोन तऱ्हा

खोकला थांबला म्हणून टीबीचा पेशंट दोन महिन्यांत गोळ्या सोडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खोकत पीएचसीत येतो. गावात निदान तयारच असतं: "जंतूंना गोळ्या पचायला लागल्या." कधी ते खरंही निघतं. पण बेडका सीबीनॅट या जंतूचं जनुक तपासणाऱ्या मशीनवर लावला आणि दोनेक तासांत रिपोर्ट आला की रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध अजून लागू आहे, तर? मग जंतू वाचले कसे? नवी लागण झालेली असू शकते, आपल्याकडे ती शक्यता सोडून चालत नाही. पण जुनाच आजार उलटला असेल, तर ते जंतू रोधक, म्हणजे औषधाला न जुमानता वाढणारे, नव्हते; चिवट, म्हणजे वाढ थांबवून औषधातून तगणारे, होते. संशोधक या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात. बातम्यांत मात्र दोन्हींची सरमिसळ होते.

विदर्भातल्या कापूसवाल्याला हा फरक खरं तर शेतात भेटलेला आहे. गुलाबी बोंडअळी बीजी-२ या बीटी कापसाच्या वाणातली दोन्ही विषारी प्रथिनं पचवून बोंड पोखरते. 2017 साली तिनं काय केलं ते कुणी विसरलेलं नाही. हा रोध, आणि तो तिच्या पिलावळीला वारशानं मिळतो. पण हंगाम संपला की हीच अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडात, सरकीत, सुप्तावस्थेत पडून राहते. ती खातच नाही, तर विष पोटात जाणार कसं? फरदड (हंगामानंतर त्याच पऱ्हाट्यांवरचं जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका, हा सल्ला या दुसऱ्या तऱ्हेसाठी असतो. उपमा इथवरच चालते, कारण अळीला हंगाम संपल्याची चाहूल लागते; जंतूंमध्ये मात्र काही पेशी कसलीही चाहूल नसताना, निव्वळ योगायोगानंही, झोपी जातात.

रोध जनुकात असतो. रिफाम्पिसिन जंतूच्या आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेला चिकटतं. आरपीओबी या जनुकात एखादं अक्षर बदललं की त्याची पकड सुटते. सीबीनॅट जनुकाचा नेमका तेवढाच तुकडा वाचतं. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाची गंमत निराळी. ते मुळात निष्क्रिय, त्याला धार लावतं जंतूचंच एक विकर (एन्झाइम), कॅटजी. ते विकर बिघडलं की गोळी घेऊनही उपयोग नाही. असे बदल पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतात.

चिवटपणात जनुक बदलत नाही. 1944 साली जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस जंतूंवर पेनिसिलिन टाकलं, तेव्हा साधारण दहा लाखांत एखादा जंतू उरला. उरलेल्यांची पैदास वाढवून पुन्हा पेनिसिलिन दिलं, तर ती पहिल्यासारखीच मेली, आणि पुन्हा मूठभर उरले. कारण सरळ आहे. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या जंतूला मारतं. ज्यानं बांधकामच थांबवलंय त्याचं ते काय बिघडवणार?

प्रयोगशाळेत दोघांना ओळखायच्या रीतीही वेगळ्या. जंतूंची वाढ रोखायला औषधाची किमान किती मात्रा लागते, त्या आकड्याला एमआयसी म्हणतात. रोधक जंतूची एमआयसी चढते. चिवटाची होती तेवढीच राहते, म्हणून नेहमीच्या रिपोर्टात तो सापडतच नाही. त्याला पकडायचं तर औषध टाकून तासातासाला जिवंत जंतू मोजावे लागतात: संख्या आधी धाडकन कोसळते, मग आलेख आडवा होतो. त्या आडव्या रेघेत चिवट जंतू असतात.

उपायही दोन. रोधकासाठी औषध बदलायचं, चिवटासाठी ते लांबवायचं. साध्या टीबीला दोन महिने चार औषधं आणि नंतर चार महिने तीन, हा सहा महिन्यांचा हिशेब मुख्यतः चिवट जंतूंमुळे आहे; बहुतेक जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात आणि म्हणूनच पेशंटला बरं वाटतं. (प्रत्येक आजाराला लांबच लांब कोर्स लागतो असं नाही, काही संसर्गांत छोटा कोर्स पुरतो हे आता सिद्ध आहे. टीबी त्यात येत नाही.)

खरी अडचण नवं औषध शोधताना येते. दशकानुदशकं संशोधकांनी नळीत जोमानं वाढणारे जंतू घेतले आणि त्यांना कोण रोखतं ते पाहिलं. अशा चाळणीतून वाढणाऱ्यांना मारणारीच औषधं हाती लागणार. पायराझिनामाइड हे टीबीचं औषध या चाळणीतून गळूनच गेलं असतं, कारण साध्या माध्यमात ते टीबीच्या जंतूला जवळपास काहीच करत नाही. ते सापडलं आजारी उंदरांत. आम्ल वातावरणात ते काम करतं, मंद पडलेल्या जंतूंवरही, आणि रिफाम्पिसिनच्या जोडीला त्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहावर आला. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वात दुर्लक्षित धडा हाच.

बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या औषधाला अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळाली. ते जंतूचा ऊर्जा बनवणारा एटीपी सिंथेस हा भाग बंद पाडतं. झोपलेल्या जंतूलाही जगायला थोडी ऊर्जा लागतेच, म्हणून ते त्याच्यापर्यंत पोचतं. शिवाय रिफाम्पिसिन-रोधक टीबीतही चालतं, कारण त्याचं लक्ष्यच वेगळं. आता रोधक टीबीसाठी ते प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनसोबत सहा महिने देतात. या उपचाराला भारतात 2024 साली मंजुरी मिळाली. पण बेडाक्विलिनलाही रोध दिसू लागलाय.

आणि दोन्ही तऱ्हांचं एकमेकींशी नातं आहे. 2017 साली इस्रायलमधल्या नताली बलबान यांच्या गटानं ई. कोलाय जंतूंना अँपिसिलिन या पेनिसिलिनच्या जातीतल्या औषधाचे ठरावीक वेळाचे डोस पुन्हा पुन्हा दिले. जंतूंत आधी औषध सहन करत तग धरायची ताकद आली, रोध नंतर उगवला. तग धरलेल्यांना जगायला जास्त वेळ मिळाला, आणि जनुकातलं अक्षर बदलायला तेवढा वेळ पुरला. म्हणून टीबी उलटलेल्या पेशंटचा जुना "सेन्सिटिव्ह" (औषध लागू आहे असा) रिपोर्ट दाखवून भागत नाही, बेडका पुन्हा मशीनवर लावावा लागतो.