कोरलेला तक्ता आणि मोजलेला तक्ता: ऑडिओ कोडेकमधला एक नेहमीचा घोळ

एमपी३ फाइल उलगडताना डिकोडरला (फाइलमधून आवाज परत तयार करणाऱ्या प्रोग्रामला) प्रत्येक क्वांटाइझ केलेल्या, म्हणजे पूर्णांकात बसवलेल्या आकड्याचा ४/३ घात काढावा लागतो. हा आकडा जास्तीत जास्त ८२०६ असू शकतो, म्हणून दर वेळी घात काढत बसण्याऐवजी शून्यापासूनची ८२०७ उत्तरे तक्त्यात तयार ठेवण्याची रीत आहे. हा तक्ता एक तर आयत्या आकड्यांच्या रूपाने बायनरीतच (प्रोग्रामच्या तयार फाइलमध्येच) कोरलेला असतो, किंवा कोडेक (आवाज दाबणारा-उलगडणारा भाग) उघडताना मोजून मेमरीत मांडला जातो. एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये वेगळे काही न सांगितल्यास मोजण्याचीच पद्धत आहे. कोरलेले तक्ते हवे असल्यास बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करताना, ‘इनेबल-हार्डकोडेड-टेबल्स’ हा पर्याय द्यावा लागतो.

कोरलेला तक्ता मेमरी खातो आणि वेळ वाचवतो, मोजलेल्याचे याच्या उलट, असे सरसकट सांगितले जाते. त्यात फाइलचा आकार आणि रॅममधली जागा यांची गल्लत आहे.

एका उत्तराला ४ बाइट धरले, तर तक्ता ३२,८२८ बाइटांचा होतो, म्हणजे ४ किलोबाइटच्या आठ पानांहून (ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी अशा पानांत वाटते) किंचित मोठा. बायनरी तेवढ्याने फुगते, हे खरे. परंतु कोरलेला तक्ता केवळ वाचनासाठीच्या भागात असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम त्याचे पान गरज पडेल तेव्हाच रॅममध्ये आणते, एकच लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचा कोड) दहा प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, वापरत असल्या तरी त्या पानाची एकच प्रत पुरते, आणि मेमरीची चणचण भासली तर ते पान बिनदिक्कत टाकून देता येते, कारण मूळ प्रत फाइलमध्ये असतेच. गाण्यातले बहुतेक आकडे लहान असल्याने काम मुख्यतः तक्त्याच्या सुरुवातीच्या पानांवरच भागते. (कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, शेजारची पाने आगाऊ आणून ठेवतो, तो भाग वेगळा.) मोजलेल्या तक्त्याची मात्र सगळी पाने लिहावीच लागतात, आणि फोर्क करण्यापूर्वी (एका प्रोसेसमधून दुसरी निर्माण करण्यापूर्वी) तो मोजलेला नसेल, तर प्रत्येक प्रोसेसची प्रत स्वतंत्र होते. फाइल लहान ठेवल्याच्या समाधानात हा खर्च सहसा कोणी धरत नाही.

तक्त्यात आकड्यांऐवजी पॉइंटर (मेमरीतले पत्ते) असतील, तर कोरण्याचा हा फायदा बराचसा जातो. शेअर्ड लायब्ररी लोड होताना ते पत्ते दुरुस्त करावे लागतात आणि ती पाने खासगी होऊन बसतात.

वेळेचा हिशेबही एकतर्फी नाही. डेस्कटॉपवर आठ हजार घात काढणे किरकोळ काम आहे. संथ डिस्कवरून पाने आणण्यापेक्षा ते कधी लवकरही उरकते. फ्लोटिंग पॉइंट युनिट (अपूर्णांकांचे गणित करणारा भाग) नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या संगणक-चिपवर, मात्र एका घाताला प्रोसेसरच्या २००० सायकल धरल्या, तर १०० मेगाहर्ट्झला सुमारे ०.१६ सेकंद निव्वळ तयारीत जातो, शिवाय तुटपुंज्या रॅममधले ३२ किलोबाइट अडकतात. तिथे तक्ता फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) कोरावा, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही.

लिनक्सवर हा फरक प्रोसेसच्या ‘एसमॅप्स’ या मेमरीचा तपशील देणाऱ्या फाइलमध्ये दिसतो: अनेक प्रोसेसनी वापरलेल्या कोरलेल्या तक्त्याची पाने ‘शेअर्ड क्लीन’मध्ये (सामायिक, न बदललेली) मोजली जातात, तर प्रत्येकीने स्वतः मोजलेल्या तक्त्याची ‘प्रायव्हेट डर्टी’मध्ये (खासगी, बदललेली).